नकाशात नसलेला बर्फ

बघण्याचा कार्यक्रम इंग्लंडातल्या लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरात करायचा, ही अचाट कल्पना सुयशचीच. साल २००६, मे महिन्यातली बँक हॉलिडेची सुट्टी. तो बेसिंगस्टोकला सॉफ्टवेअरमध्ये, आसावरी बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, दोघंही तिशी ओलांडलेले. फोनवर चारदा बोलणं झालं होतं आणि आज संध्याकाळी पुण्यात आई निकाल ऐकायला टपून बसणार होती. आसावरी त्याला मनापासून आवडली होती. म्हणून तर त्याने सह्याद्रीतल्या ट्रेक्सच्या भरपूर फुशारक्या मारल्या होत्या, आणि आता त्या निस्तरायला दोन हजार फूट चढून आला होता.

बाराच्या सुमारास वाट एका घळीपाशी आली आणि नाहीशी झाली. म्हणजे पलीकडे दिसत होती, पण मधल्या तीस पावलांवर बर्फ पसरला होता. मळकट, टणक, थेट खालच्या दगडांपर्यंत उतरत गेलेला. सुयशने नकाशाचा प्रिंटआउट काढला, सरळ पाहिला, उलटा पाहिला. मे महिन्यातही बर्फ शिल्लक असतो हे त्याच्या गावीही नव्हतं. मागे फिरावं तर अब्रू जाते, पुढे जावं तर पायात साधे स्पोर्ट्स शूज.

नेमकं तेव्हाच आसावरीने विचारलं, की त्याचं तीन वर्षांपूर्वी ठरलेलं लग्न का मोडलं. त्याने नेहमीचं उत्तर दिलं. मुलीच्या घरच्यांनी तिचा आजार लपवला होता.

"कसला आजार?"

डॉक्टरला काय सांगणार? सुयशने घाईघाईने बर्फावर पाय टाकला.

दहा पावलं बरी गेली. अकराव्याला पाय सटकला, तो गुडघ्यावर आला आणि तिथेच थिजला. त्याची पाचावर धारण बसली. पुढेही जाता येईना, मागेही.

आसावरी जाड बुटांच्या टाचा बर्फात हाणत, एकेक पायरी करत त्याच्यापर्यंत आली आणि तिने हात पुढे केला. त्या अवस्थेतही या गृहस्थाला प्रश्न पडला तो असा, की हा हात होकाराचा समजायचा की नुसत्या मदतीचा? आईने याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.

"धर," ती म्हणाली. "आणि बोलत राहा. पेशंट घाबरले की मी त्यांना बोलतं ठेवते."

त्याने हात धरला आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"आजारबिजार काही नव्हता. साखरपुड्यानंतर मीच घाबरलो. आजाराचं सगळ्यांना सांगायला आईला मीच लावलं."

आसावरी पायऱ्या खणत राहिली. पलीकडच्या गवतावर पोचल्यावर तिने हात सोडला. सुयशला एकदम हलकं वाटलं. खरं बोललो, आता तिला आपण आवडणारच, असं त्याला वाटू लागलं.

त्या मुलीचं पुढे काय झालं, हे तिने विचारलं. त्याने सांगितलं की शिल्पाचं लग्न अजून जमलं नाही, स्थळं येतात आणि तब्येतीची कुणकुण लागली की परत जातात. स्वतःचंच बोलणं ऐकून तो चपापला.

"तिच्या घरी फोन कर. आत्ता."

"आणि आपलं काय?"

ती एका दगडावर जाऊन बसली. हा होकार, नकार की परीक्षा, त्याला काही उमगेना. मोबाइलवर रेंजच्या दोन काड्या होत्या. नंबर पाठ होता. पुण्यात आता पाच वाजले असतील.

फोन शिल्पाच्या वडिलांनी उचलला. त्याने नाव सांगितलं. मग त्यांचा घाईघाईचा, जवळजवळ आनंदाचा आवाज आला.

"सुयश, बरं झालं बाबा फोन केलास. आम्ही तिच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या रे. दोनदा. काहीसुद्धा निघालं नाही. तुला रिपोर्ट पाठवू का?"

आसावरी हो म्हणणार की नाही, हे सुयश साफ विसरून गेला.

"काका, रिपोर्ट नको," तो म्हणाला. "मी सांगतो ते ऐका."