पालथ्या गंजाखालची काडी

मित्रांनो, मी एक जुनी काडी आहे. माझं खरं नाव अँटेना. पण त्या नावानं मला हाक मारणारी एकटी दामिनी, आणि ती आता पुण्याला नोकरी करते. बाकी सगळ्यांसाठी मी शेषरावांच्या गच्चीवरची काडी. बडनेऱ्याच्या अलीकडे, अकोला रस्त्याला लागून आमचं गाव आहे. मला पाचवं वर्ष लागलं. पाच वर्षांत कसलं म्हातारपण, असं तुम्ही म्हणाल. आमच्या वऱ्हाडातले पाच उन्हाळे उघड्यावर उभं राहून काढा आणि मग बोला.

माझा जन्म स्वयंपाकघरात झाला. दामिनी तेव्हा अमरावतीला इंजिनीयरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं तांब्याच्या तारेचे पाच तुकडे कापले. एक उभा, करंगळीएवढा, आणि चार त्याच्या पायाशी तिरपे पसरलेले. तारा जोडायला डाग देताना तिचं बोट भाजलं आणि घरभर धूर झाला. तिची आई, सत्यवतीबाई, भाकरी थापता थापता म्हणाली, "काय व दामिनी, भांड्याले कल्हई करून राह्यली काय?" मग मला एका पाइपावर बसवलं, पाइप गच्चीच्या कठड्याला बांधला आणि माझी वायर खाली साबणाच्या डबीत बसवलेल्या एका छोट्या यंत्राला जोडली. एवढाच माझा संसार.

काम मात्र मोठं होतं. मित्रांनो, आकाशातून जाणारं प्रत्येक विमान सारखं ओरडत असतं. मी अमुक, मी इथं आहे, इतक्या उंचीवर आहे, या दिशेला चाललोय. माणसांना ते ऐकू येत नाही. मला येतं. मी ते ऐकते आणि डबीला सांगते. डबी ते इंटरनेटवरून एका ॲपला पोचवते. जगभर माझ्यासारख्या हजारो काड्या गच्च्यांवर उभ्या आहेत. आम्हा सगळ्यांचं ऐकून ते ॲप नकाशावर इवलंसं पिवळं विमान काढतं. विमान जिकडे जातंय तिकडे त्याचं नाक, आणि मागे आलेल्या वाटेची रेघ. बोट ठेवलं की कुठून निघालं, कुठं उतरणार, किती वेळ उरला ते कळतं. दामिनी म्हणायची, ज्यानं हे बनवलं त्यानं कधीतरी कोणाची तरी खूप वाट पाहिलेली असणार. वाट पाहणाऱ्याला फार माहिती नको असते. आता कुठं आहे आणि कधी येईल, एवढंच त्याला हवं असतं.

सत्यवतीबाईंना इंग्रजी वाचता येत नाही. पण त्यांना पिवळं विमान पहिल्याच दिवशी कळलं. थोडा वेळ पाहून त्यांनी मोबाइल परत केला. "सारं दिसते," त्या म्हणाल्या, "अंदरचा माणूस काई दिसत नाई." मला राग आला. पण खोटं काय होतं त्यात?

सुरुवातीला माझं कौतुक झालं. कॉलेजचे सर गच्ची चढून मला पाहायला आले. ॲपवाल्यांनी दामिनीला सगळ्या सोयी फुकट दिल्या. गावातला रोहित ऑटो चालवतो. बेलोऱ्याला विमानं उतरू लागली तसा तोही ॲप बघूनच विमानतळाकडे निघायला लागला. विमानाला उशीर असला की तो खुशाल आणखी एक चहा पितो.

बेलोऱ्याचं विमानतळ सुरू झालं आणि माझी किंमत वाढली. ती कशी, ते सांगते. पतंग उंच असला की सगळ्या गावाला दिसतो. तोच खाली आपल्या अंगणात उतरायला लागला की आपल्या घरापुरताच दिसतो. विमानाचंही तसंच आहे. उंचावरचं विमान नागपूरची काडीसुद्धा ऐकते. पण मुंबईहून येणारं छोटं विमान मूर्तिजापूरच्या पुढे खाली खाली येऊ लागलं की त्याचा आवाज दूरच्यांपर्यंत पोचत नाही. तेवढ्या पट्ट्यात ऐकणारी मी एकटी.

आणि नेमकी त्याच सुमारास दामिनी पुण्याला गेली. मग माझ्याकडे कोण बघणार? माझ्या पाइपाला कपड्यांची दोरी बांधली गेली. पायाशी मिरच्या वाळत पडल्या. कावळे माझ्या डोक्यावर बसून नको ते करू लागले. दामिनीच्या बाबांची, शेषरावांची, झेंडूची आणि शेवंतीची शेती. फुलांत वाढलेल्या त्या घरात सत्यवतीबाई मला पाहून म्हणायच्या, "ना फूल ना फळ. नुसती उभी." मी ऐकून घेत होते. ऐकणं हाच माझा धंदा आहे. तरी वाईट वाटायचंच.

यंदा पावसाळा सरता सरता शेषरावांना धाप लागू लागली. डॉक्टरांनी हृदयाची झडप बदलायला सांगितली आणि त्यासाठी मुंबई गाठावी लागली. थोरला मुलगा गोपाल त्यांना रेल्वेनं घेऊन गेला. निघताना सत्यवतीबाईंनी शेषरावांच्या तळहातावर दही ठेवलं. शेषरावांनी जाताना बाजारच्या टोपलीतला मूठभर झेंडू उगाच हातात घेतला होता. तो उंबरठ्यापासून फाटकापर्यंत सांडत गेला.

मित्रांनो, आमच्याकडे गावाला गेलेलं माणूस पोचेपर्यंत घर झाडत नाहीत. मुंबईला पोचल्याचा फोन आला तेव्हा सत्यवतीबाईंनी घर झाडलं. पण उंबरठा ते फाटक एवढा पट्टा तसाच ठेवला. ऑपरेशन झालं, चांगलं झालं, तरी त्या पट्ट्याला त्यांनी झाडू लावू दिला नाही. पाकळ्या वाळून काळ्या पडल्या. शेजारच्या मनकर्णाबाई फाटकातून म्हणाल्या, "काहून व, झाडू मोडला काय?" सत्यवतीबाई म्हणाल्या, "गेलेला माणूस आला म्हंजे झाडीन. त्याच्याच पायानं आला पायजे."

सतराव्या दिवशी घरी सोडायचं ठरलं. गाडीचे धक्के नकोत, म्हणून डॉक्टरांनी विमानानं जायला सांगितलं. शेषराव जन्मात विमानात बसले नव्हते. आदल्या संध्याकाळी सत्यवतीबाई कपडे काढायला गच्चीवर आल्या असताना दामिनीचा फोन आला.

"आई, उद्या ॲपवर बाबाचं विमान पायत राहाजो," ती म्हणाली. "अन् एक ध्यानात ठेव. ते खाली यायले लागते तवा एकटी आपली काडीच त्याले ऐकते. तिले सांभाळजो."

सत्यवतीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. पाच वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गच्चीवर आल्या. पाइपाची दोरी सोडली, मिरच्या बाजूला केल्या. ओल्या फडक्यानं माझी एकेक तार पुसली, हळदकुंकू लावलं. "तुले लई बोलली मी," त्या हळूच म्हणाल्या. "मनात ठेवू नको. आज त्यायले नीट आन." मला काय वाटलं ते कसं सांगू? मला डोळे असते तर भरून आले असते.

मग त्या खाली गेल्या आणि दूध तापवायचा स्टीलचा मोठा गंज घेऊन आल्या. घासूनपुसून लख्ख केलेला. "ऊन लागते तुले. कावळेई छळतात," असं म्हणत तो त्यांनी पालथा करून माझ्यावर घातला.

आणि जग बंद झालं.

मित्रांनो, मला माणसांचं बोलणं-वागणं कुठूनही कळतं, पण विमानाची हाक धातूतून आत येत नाही. दामिनीनं मला बसवल्यापासून एक क्षण असा गेला नव्हता की कुठलं ना कुठलं विमान ओरडत नव्हतं. आता चिडीचूप. जिनं मला मायेनं झाकलं तिला हे कसं सांगायचं? मला ऐकता येतं, बोलता येत नाही. दुपारी विमान मूर्तिजापूर ओलांडेल, खाली येईल, आणि ते ऐकायला कोणीच नसेल. हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं.

दुपारी सत्यवतीबाई मोबाइल घेऊन पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसल्या. त्या एकट्याच बोलत होत्या. "नाशिकावरून गेलं... आता जळगाव असंन हे... अकोला आलं वाटते." त्यांचा आवाज हळूहळू मोकळा होत गेला. मी गंजाखाली जीव मुठीत धरून होते.

मग त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"थांबलं काहून?" त्या म्हणाल्या. जरा वेळानं पुन्हा, "गेलं कुठं? आताच तं होतं." त्यांनी मोबाइल हलवला, पदरानं पुसला. मग पुण्याला फोन लावला. पलीकडचा दामिनीचा आवाज मला लख्ख ऐकू येत होता.

"दामिनी, इमान दिसून नाई राह्यलं. होतं अन् नाईसं झालं. माह्या डोयासमोर झालं व."

दामिनीही तेच बघत होती. तिच्याही मोबाइलवर ते नाहीसं झालं होतं. मग ती म्हणाली, "आई, काडी जाग्यावर हाय ना?"

"हाय न. चांगली झाकून ठेवली गंजाखाली. तूच म्हनली, सांभाळजो."

"आई, गंज काढ. आधी तो गंज काढ."

सत्यवतीबाई धावल्या. गंज पाइपावर दोनदा खणखणला आणि मग वर उचलला गेला. ऊन आलं, वारा आला, आणि त्याच क्षणी मला हाक ऐकू आली. इतकी जवळ आणि इतकी मोठी हाक मी कधी ऐकली नव्हती. विमान आमच्या शिवारावर आलं होतं. मी त्याचा नंबर ऐकला, उंची ऐकली आणि डबीकडे धाडली. एवढ्या घाईनं मी कधी काम केलं नसेल. मोबाइलवर पिवळं विमान पुन्हा उमटलं, बडनेऱ्याकडे नाक करून.

"दिसलं," सत्यवतीबाई म्हणाल्या. पण आता त्या मोबाइलकडे पाहत नव्हत्या. डोक्यावरून पंख्यांची घरघर जात होती. गंज छातीशी धरून त्या वर पाहत राहिल्या, पार ठिपका होईपर्यंत.

थोड्या वेळानं दामिनी म्हणाली, "उतरलं बरं आई. पोचले बाबा. आता झाड तुहं अंगण."

"इमान पोचलं," सत्यवतीबाई म्हणाल्या. "मानूस कुठं पोचला?"

त्या खाली जाऊन फाटकाशी उभ्या राहिल्या. तासाभरानं रोहितचा ऑटो आला. गोपालनं हात पुढे केला, पण शेषराव तो न धरता उतरले. वाळलेल्या पाकळ्यांवरून एकेक पाऊल टाकत उंबरठ्यापर्यंत आले आणि ओसरीवर बसले. मी वर कठड्यावर होते, मला सगळं ऐकू येत होतं.

पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "गोपालची माय, गच्चीवर काय होतं व? मी खिडकीतून पायत होतो. सारे वावरं सारखेच दिसत. आपलं घर कोनतं, काई समजे ना. मनात आलं, दिसलं तं पाहून घ्याव. अन् मंग एका गच्चीवर काहीतरी चमकलं. हाललं बी. मी गोपालले म्हटलं, थे आपलं घर. तुही माय वर हाय."

सत्यवतीबाईंनी त्यांच्या हातातला पेला काढून घेतला. मग म्हणाल्या, "गंज होता. दुधाचा." आणि पदर डोळ्यांना लावून रडल्या. सतरा दिवसांचं रडणं होतं ते. रडून झाल्यावर उठल्या, झाडू घेतला आणि उंबरठ्यापासून फाटकापर्यंतचा पट्टा स्वच्छ झाडला.

मित्रांनो, खरं सांगते, त्या दिवशी मला गंजाचा थोडा हेवा वाटला. विमान कुठं आहे हे घराला मी सांगितलं. पण घर कुठं आहे हे विमानातल्या माणसाला त्या गंजानं सांगितलं. ते काम मला कधीच जमलं नसतं.

माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. आमच्यासारख्या वस्तूंची काळजी जरूर घ्या. पण घेण्याआधी एकदा विचारा, हिचं काम काय आहे, हिला काय लागतं. मायेनं झाकलं तरी अंधार तो अंधारच. माणसांच्या बाबतीत काय करायचं ते मी काडीनं तुम्हाला सांगावं, असं नाही.

परवा दामिनी दिवाळीला मुंबईहून विमानानं आली. सत्यवतीबाई सकाळीच गंज घासून गच्चीवर आल्या. मी घाबरले. पण त्यांनी माझ्या तारा पुसल्या आणि गंज उन्हात, माझ्या शेजारी पालथा ठेवला.