जूखालचा दुसरा खांदा

पोळा तीन दिवसांवर आला असताना, सकाळी चहाची कपबशी खाली ठेवता ठेवता जळबा म्हणाला, "औंदा आपल्या घरी पोळा न्हाई."

आशाबाई अंगणातल्या चुलीपाशी बसली होती. श्रावणाच्या झडीत स्वयंपाकघराची मागची भिंत बसली, तेव्हापासून चूल अंगणात आली होती. तिनं फुंकणी बाजूला ठेवली अन् नवऱ्याकडं पाहिलं.

"काहून?"

"काहून म्हणून इचारते? एकट्या बैलाचं लगीन कोणाशी लावू, तुझ्याशी?"

सिद्धेश्वरच्या धरणाच्या अंगाला असलेल्या त्या गावात पोळ्याला बैलांची लग्नं लागतात. जोड्या सजून मारुतीपुढं उभ्या राहतात, मंगलाष्टका होतात, अक्षता पडतात. जळबाची लाल कंधारी जोडी दरसाल पहिल्या रांगेत असायची. त्यातला बाशिंग्या आषाढात गोठ्यातच साप चावून गेला. आता पवळ्या एकटाच दावणीला उभा होता.

"सण असा मोडत न्हाईत," आशाबाई म्हणाली. "एकदा मोडला का मोडला. मंग त्याच दिवशी घरात वासरू न्हाईतर लेकरू जन्मावं लागतं, तवा कुठं परत धरता येतो. ठाव हाय न्हवं?"

"ठाव हाय. न्हाई म्हणलं ना, न्हाई."

जळबा उठून निघून गेला. जळबाचं हे असंच. आतून काही दुखलं की वरून खेकसायचं, अन् खेकसून झालं की उठून जायचं. बाशिंग्या गेल्याचं दुःख त्याला होतंच. पण पोळा नको म्हणण्यामागं एकटा बैल नव्हता. कारण दुसरंच होतं, अन् ते आशाबाईला पक्कं माहीत होतं.

झालं होतं असं. आषाढाच्या सुरुवातीला त्यांचा पोरगा भागवत औंढ्याहून येताना मोटारसायकलवरून घसरला. मांडीचं हाड मोडलं, नांदेडला नेऊन आत सळई टाकावी लागली, अन् तरणाताठा माणूस खाटेला लागला. त्यातून सावरतात तोवर बैल गेला. एक सांधावं तर तेरा तुटावेत, तशी गत. वर पाऊस हटेना. हटला तेव्हा सोयाबीन कुठं अन् तण कुठं, काही कळेना. रान औजाराजोगं वाळून वाफसा आला तो दोन-चार दिवसांचा, अन् साऱ्या गावाची तण काढायची कोळपणी एकदमच निघाली. उभ्या पिकात ट्रॅक्टर घालता येत नाही. अन् अशा टायमाला बैल उसना कोण देणार? सख्खा भाऊ देत नाही हो.

मग जळबानं जूच्या एका बाजूला पवळ्याला जुंपलं अन् दुसरी बाजू स्वतःच्या खांद्यावर घेतली. मागं कोळपं धरायला सून होती, शिवकन्या. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. कोळपं धरणं सोपं नसतं. पास, म्हणजे खालचं लोखंडी पातं, जरा वाकडी गेली की तणासंगट पीकही कापलं जातं. तिच्या हातून पहिल्याच ओळीत तसं झालं. दुसऱ्या ओळीत जळबाचा गुडघा गेला, अन् तो धुऱ्याच्या बांधावर बसला तो उठेचना.

मग शिवकन्या पुढं झाली. तिनं पदर खोचला, गोणपाटाची घडी करून खांद्यावर ठेवली अन् जू उचललं. सासऱ्याला म्हणाली,

"मामा, तुमी कोळपं धरा."

जळबा 'न्हाई' म्हणाला. एकदाच म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणाला नाही, अन् हेच त्याला पुढं खात राहिलं.

चार दिवस जळबानं लंगडत कोळपं धरलं अन् पोरीनं बैलाच्या बराबरीनं जू ओढलं. सोयाबीन वाचलं. पण गावाचं तोंड कोण धरणार? पारावर कोणीतरी बोललंच, "जळबानं सुनेला बैलाच्या जागी जुंपलं." ते ऐकल्यापासून जळबा सुनेच्या समोर जाईना. ती अंगणात आली की हा गोठ्यात. तिनं ताट वाढलं की हा ताटाकडं बघून जेवणार. "तिला सांग", "तिला म्हणावं", जे काय असेल ते सगळं आशाबाईच्या तोंडून. अगोदर निदान 'पोरी, पाणी आण' एवढं तरी म्हणायचा.

संध्याकाळी आशाबाईनं दुसरी बातमी सांगितली.

"तिचा बाप येऊन राहिलाय गोरेगावहून. पोळ्याच्या दुसऱ्या दिशी, करीला. न्यायला."

"जाऊ दे की. पंचमीला गेली न्हाई बिचारी. चार दिवस राहून येईल."

"चार दिवसांला जाणारी बाई सगळ्या साड्या पेटीत भरत न्हाई," आशाबाई म्हणाली. "म्या पाह्यलं. भागवत इचारतो तर त्याला बी काई सांगत न्हाई. नुसती रडते. ती गेली अन् परत आली न्हाई, तर या घराचं काय, ते तुमीच बघा."

जळबानं तंबाखू मळायला घेतली अन् मळतच बसला. पोरगा आता कुठं काठी धरून दारापर्यंत येऊ लागला होता. बैल गेला, भिंत गेली, ते सगळं परत उभं करता येतं. पण पोरगी गेली तर? अन् तिला जाऊ नको म्हणायचं तर कोणत्या तोंडानं म्हणायचं? त्या रात्री तो ताटावरून तसाच उठला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळण असते. जळबानं पवळ्याला कॅनॉलवर नेऊन धुतलं. सण करायचा म्हणून नाही हो, मुक्या जिवाला आंघोळ नको का, म्हणून. असं त्यानं स्वतःला सांगितलं. घरी आला तर गोठ्याच्या मेढीच्या खांबापाशी वाटी तयार. ताजं लोणी अन् त्यात घरच्या शेतातली हळद कालवलेली.

"म्या न्हाई म्हणलं होतं ना?"

"तुमी म्हणलं. म्या ऐकलं न्हाई," आशाबाई म्हणाली.

जळबा पुढं काही बोलणार, तोवर पवळ्यानं मान खाली करून खांदा त्याच्यापुढं केला. दरसालची सवय जनावराला. आता काय करता? जळबानं वाटीत बोटं बुडवली. वर्षभर ज्या खांद्यानं जू वाहिलं, त्याला लोणी-हळद लावून तो मळायचा अन् दुसऱ्या दिवशीच्या पुरणपोळीचं आवतन द्यायचं, ही रीत. जळबानं खांदा मळला अन् बैलाच्या कानाशी वाकून म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." मग सवयीनं तो शेजारच्या दाव्याकडं वळला. तिथं कोणी नव्हतं. जळबा मटकन खाली बसला अन् लेकरासारखा रडायला लागला.

आशाबाईनं त्याला रडू दिलं. मग म्हणाली, "रडा. पर वाटीतलं सारं संपवू नका. अर्धं राहू द्या."

"कोणाला?"

"औंदा जूखाली दोन खांदे होते. एक ह्यो. दुसरा घरात डाळ निवडून राहिलाय."

जळबा ताडकन उभा राहिला. "लाज हाय का तुला? सून हाय ती आपली! बैल न्हाई!"

"मंग जू ओढून घेताना कुठं गेली होती ही अक्कल?"

एवढं लागट आशाबाई उभ्या जन्मात बोलली नव्हती. बोलली अन् तिचं तिलाच वाईट वाटलं. पण शब्द माघारी घेतला नाही तिनं.

"बैलाची याद ठेवता, त्याच्या पाया पडता," ती हळू आवाजात म्हणाली. "अन् त्या लेकराला महिनाभरात एक बोल न्हाई तुमचा. बैल बरा म्हणायचा का मंग?"

जळबानं वाटी तिच्यापुढं धरली. शेवटी म्हणाला, "म्या सासरा माणूस. तिच्या खांद्याला हात कसा लावू?"

"हात म्या लावते. तोंड तुमचं पायजे."

दिवे लागायची वेळ होती. आशाबाई वाटी घेऊन आत गेली. जळबा उंबऱ्याबाहेर पाठ करून उभा राहिला. आतलं सगळं त्याला ऐकू येत होतं.

"पदर काढ गं जरा. हिकडं वळ."

"काहून, आत्याबाई?"

"काढ म्हणते ना."

मग आशाबाईचा आवाज, चिरलेला, "अगं माय माझे! एवढं सोललं होतं? सारा खांदा काळा पडलाय पोरी... अन् बोलली न्हाईस?"

"बरं झालंय आता."

"आमाला सांगायचं न्हाई?"

"कोणाला सांगू, आत्याबाई?"

शिवकन्येनं ते रागानं म्हटलं नव्हतं. सरळ विचारलं होतं. जळबानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग खाकरला.

"आज आवतन घ्या," तो म्हणाला, "उद्या जेवायला या."

आत आशाबाईचा हात थांबला असावा.

"अन् पोरी, ऐक," जळबाला आता थांबता येईना. "तुझा राग धरून तोंड लपवलं न्हाई म्या. लाजेनं लपवलं. तुझ्याकडं बघितलं का मला ते जू दिसायचं. तू या घराचं सालभराचं अन्न वढून आणलं खांद्यावर. मला ते तवाच म्हणाया पायजे होतं. न्हाई जमलं. माझी चूक झाली."

मग आतून हुंदका आला अन् त्याच्या मागून शिवकन्येचा आवाज.

"मामा, मला वाटलं, म्या जू धरलं म्हणून गावात तुमची मान खाली गेली. माझं तोंड बघवत न्हाई तुमाला, असं वाटलं. म्हणून सारी पेटी भरली."

"न्हाई गं लेकरा, न्हाई," जळबा दाराकडं पाठ ठेवूनच म्हणाला. त्याचे दोन्ही गाल भिजले होते. आत खाटेवर पडलेल्या भागवतनं सगळं ऐकलं होतं. तोंडावर चादर ओढून घेतली त्यानं.

दुसऱ्या दिवशी पवळ्या एकटाच मारुतीपुढं उभा राहिला. "जळबा, नवरी कुठं हाय रं?" कोणीतरी खिदळलं. "पुढल्या साली आणीन," जळबा म्हणाला, अन् मंगलाष्टका संपेस्तोवर जागचा हलला नाही.

घरी आल्यावर अगोदर बैलाला पुरणपोळी दिली. मग आशाबाईनं अंगणात पाट मांडला, एकच, अन् शिवकन्येचा हात धरून तिला बसवलं. पुरुषमाणसं जेवायची राहिली असताना सून पाटावर! ती अवघडून गेली. "आत्याबाई, अगोदर मामाला..." म्हणत उठायला लागली. तेवढ्यात तुपाची वाटी घेऊन जळबाच आला. आजवर स्वतःच्या पोराच्या ताटातही त्यानं कधी काही वाढलं नव्हतं. निम्मं तूप पोळीच्या बाहेर गेलं.

"जेव," तो म्हणाला. "आवतन दिलंय."

ती खाली मान घालून जेवली. डोळ्यांतून पाणी चालूच होतं, पण पोळी तिनं टाकली नाही. दुसरी मागून घेतली.

करीला तिचा बाप रामकिशन जीपनं आला. गृहस्थ भला. इकडचं तिकडचं बोलला, जावयाचा पाय पाहिला. आशाबाईला वाटत होतं, आता जळबा म्हणेल, न्हाई धाडत, कामं पडलीत. हळदीचं खुरपण खरंच तोंडावर होतं. पण जळबानं हात जोडले अन् म्हणाला, "घेऊन जा, पाव्हणं. चांगलं दसऱ्यापस्तोर ठेवा. अन् तिच्या हातात खुरपं काई देऊ नका. लई तकलीफ झाली तिला आमच्या घरी."

आशाबाईनं नवऱ्याकडं चमकून पाहिलं. हे काय करून राहिला ह्यो माणूस? पण जळबानं रात्रभर विचार केला होता. पोरीला खरंच विसावा द्यायचा, तर जायचं-यायचं तिच्यावर सोडायला पाहिजे होतं.

पेटी त्यानंच उचलली. लंगडत लंगडत फाट्यापर्यंत नेली अन् जीपच्या मागं ठेवली. शिवकन्या सासूच्या पाया पडली, त्याच्या पाया पडली अन् जीपमध्ये बसली. ड्रायव्हरनं गाडी चालू केली. जळबानं आजवर सुनेपाशी काही मागितलं नव्हतं. आता त्यानं खिडकीची कड धरली.

"पोरी, येशील न्हवं परत?"

शिवकन्येनं डोक्यावरचा पदर सारखा केला. महिनाभरात पहिल्यांदा ती सरळ त्याच्याकडं बघून बोलली.

"दसऱ्यापस्तोर कोण ऱ्हातंय, मामा? महालक्ष्म्या आठ दिसांवर आल्या, त्या कोण बसवणार? आत्याबाईला एकटीला व्हायचं न्हाई ते. मी त्याच्या आधीच येते. तुमी नको म्हणलं तरी येते."

जळबानं नुसती मान हलवली. जीप गोरेगावच्या वाटेला लागली, अन् तो आशाबाईच्या मागं मागं घराकडं निघाला. फाट्यावर निम्मं गाव उभं होतं. सगळे बघत होते, अन् त्यानं डोळे पुसले नाहीत.