दार लावून वाचलेला पेपर

खर्डा पहिला.

"परळच्या आमच्या चाळीत दिवसा दार लावायची रीत नव्हती. फक्त शेजारच्या शामरावांचं दार चारला लागायचं आणि पाचला उघडायचं. आत त्यांची बायको कांतामावशी त्यांना पेपर वाचून दाखवायची, कारण त्यांना अक्षरओळख नव्हती. पाचला ते गॅलरीत स्टुलावर बसून तोच पेपर साऱ्या मजल्याला वाचून दाखवायचे. शब्दन् शब्द पाठ."

नम्रता गमरेने हे लिहिलं आणि लगेच खोडलं. असं नाव घेऊन लिहायचं नसतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. कायद्याच्या कॉलेजात ती वीस वर्षं खासगीपणाचा हक्क शिकवत होती.

खर्डा दुसरा.

"मुंबईतल्या एका चाळीत श्री. अ राहत असत. त्यांचं दार दुपारी तासभर लागत असे..."

पुढचं सगळं तेच. स्टूल, गॅलरी, पाचचा ठोका, पेपर.

पुस्तक अंगठ्याच्या ठशांबद्दल होतं, चेहरे ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांबद्दल होतं. आपण कुठे गेलो, कुणाला भेटलो हे साठवून ठेवणाऱ्या फोनबद्दल होतं. चौथ्या प्रकरणात मात्र तिला वेगळंच म्हणायचं होतं: भिंतीनं काही होत नाही, माहीत असूनही न विचारणारी माणसं लागतात. ते प्रकरण कोरडं ठणठणीत होतं. या परिच्छेदानं त्यात जीव आला. इतका, की तिनं तो एका रविवारच्या पुरवणीलाही दिला.

दर वर्षी पहिल्या तासाला ती मुलांना सांगायची, नाव काढून टाका, तीन साध्या गोष्टी ठेवा, माणूस सापडतो. फळ्यावर करून दाखवायची. इथे तिनं चार ठेवल्या होत्या.

सोमवारी नानांचा फोन आला. त्याच मजल्यावरचे, आता ऐंशीच्या घरातले.

"नमे, हा श्री. अ कोण गं?"

"नाना..."

"नाय, म्हातारपणी डोकं चालत नाय, म्हणून विचारतो."

तिनं विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"अख्ख्या मजल्याला माहीत होतं. एकदा त्यानं पेपर उलटा धरलान्. तुझ्या बापानं काय बोलल्याशिवाय हातातनं घेतला, झटकला नि सरळ करून दिला. कोणी चिठ्ठीबिठ्ठी वाचायला पुढं केली की मी म्हणायचो, आण हिकडं, शामरावचा घसा बसलाय. पंधरा वर्षं घसा बसलेला त्याचा!" नाना हसले नाहीत. "आता पोरांना कळलं. त्यांना कुठं आपली रीत ठाऊक?"

चाळीच्या जागी आता टॉवर होता. साऱ्यांना पेपर वाचून दाखवायचे म्हणून तळमजल्यावरच्या वाचनालयाला दिवंगत शामरावांचं नाव द्यायचं ठरलं होतं, चौदा एप्रिलला उद्घाटन, पाटीसुद्धा रंगवून लागली होती. आणि रविवारी दुपारीच सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरी हितेंद्रनं पुरवणीतला तो मजकूर टाकला होता. खाली लिहिलं होतं, "अंगठाबहाद्दराच्या नावानं वाचनालय? फेरविचार व्हावा." त्याखाली हसरे चेहरे, रांगेनं.

दुसऱ्या दिवशी नम्रता चौथ्या प्रकरणाची मुद्रितं घेऊन गेली. आत शिरताना तळमजल्यावर पाहिलं. दारावर चार स्क्रूंची भोकं होती, पाटी नव्हती.

चौदाव्या मजल्यावर सगळी दारं बंद, एकच उघडं, खाली चप्पल अडकवून ठेवलेलं.

"या, प्रोफेसरबाई," कांतामावशी म्हणाली. आजवर ती नमे सोडून दुसरं काही म्हणाली नव्हती. काचबिंदूनं तिची नजर गेली होती. पावलं ओळखली असावीत.

"मावशी, मी..."

"काय लिवलंस ते वाच. सुनेनं सांगितलं, पण ती गाळून सांगते."

नम्रतानं वाचलं. मावशीचे ओठ मागोमाग हलत होते. आवाज नव्हता.

"स्टूल नाय," ती मध्येच म्हणाली. "उपडी बादली. स्टूल मागाहून आलं. पण दाराआडचं तुला दिसायचं कुठनं?"

"पार्टिशनच्या फटीतून."

"ती ठाऊक होती मला. मी बुजवणार होते. पण तू रोज तिथं डोळा लावायचीस, म्हणून मोठ्या मथळ्यावर बोट ठेवून वाचायला लागले. शाळेत जायच्या आधी तुला वाचता कसं आलं, वाटलं?" ती थांबली. "त्यांना शेवटपर्यंत नाय जमलं. तुला जमलं."

नम्रताच्या हातातला कागद खाली आला.

"काल हितेंद्र आलेला. चांगलंच बोलला हो. काकी, वाचता तुम्हाला यायचं, तुमचं नाव देऊ, म्हणाला." मावशीनं पदर सारखा केला. "त्यांचं उतरवून त्याच भोकांत माझं?"

"खोडू का हे, मावशी?"

"खोड."

खर्डा तिसरा.

"                    "

"पुरं खोडलंस?"

"हो."

"आणि फोनातलं?"

विसरलं जाण्याच्या हक्कावर नम्रतानं पुस्तकात चाळीस पानं लिहिली होती. त्यातलं एकही वाक्य तिला इथे म्हणता येईना.

"ते नाही खोडता येत."

मावशीनं मान हलवली. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून गेले होते.

"टीपॉयवर आजचा पेपर आहे. वाच जरा. कितीक दिवस झाले."

नम्रता उठली, दाराशी गेली, वाकून अडकवलेली चप्पल काढायला लागली.

"राहू दे," मागून आवाज आला. "आता कोणापासून लावायचं?"