वस्तऱ्याखालचा उपदेश

धाकट्याने घराचं नाक कापलं होतं, आणि तेही अशा घराचं, जिथं चार पिढ्या लोकांच्या नाकाखालची मिशी कातरताना कुणाचा हात कधी थरथरला नाही! त्याच्या आईचा, मोठीबाईचा, जीव नुसता जळत होता.

धाकटा लष्करात न्हावी. त्याला तिची ना नव्हती. मेलेल्या नवऱ्याचा वस्तरा तिनेच त्याच्या हातात दिला होता. पण वर्षभरापूर्वी चिरंजीव एका नव्या पंथाला लागले, आणि जो शिपाई खुर्चीत बसेल त्याच्या कानात उपदेश ओतू लागले. दोन तक्रारी झाल्या. सुटीवर सोडताना साहेबांनी कागद दिला: नियम समजला म्हणून सही करून आण, नाहीतर नोकरी सोड. उद्या सकाळी परतायचं, आणि सहीची जागा अजून कोरीच.

थोरल्या सुनेने कागद वाचून दाखवला. "कोणी विचारलं तर आपल्या श्रद्धेबद्दल खुशाल बोलावं. पण कामावर असताना बोलू नये, आणि ज्याला उठून जाता येत नाही त्याच्यापुढे तर नाहीच नाही."

"मग यात वाईट काय आहे रे?"

"मी जबरदस्ती करतच नाही, आई. सगळे माझ्याहून वरचे, मी कुणाला काय दटावणार? सतरा जण आपणहून पंथात आले."

"आले म्हणजे?"

"मी विचारलं, येणार ना? एकानेही नाही म्हटलं नाही."

"तेव्हा वस्तरा कुठे होता?"

"गळ्याशी. कामच आहे ते."

सून हसू दाबत खिडकीकडे वळली.

"बस इथं," मोठीबाई म्हणाली. "साहेबापुढे दाढीचे खुंट घेऊन जाणार का?"

नवरा पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला होता तेव्हा सहा महिने दुकान तिनेच रेटलं होतं. तिने लेकाच्या तोंडाला नाकापर्यंत फेस फासला, डावा गाल साफ केला आणि पातं हनुवटीखाली टेकवलं.

"मीपण पंथ काढलाय. भांडी लेकाने घासायची, दर सुटीत घराला रंग द्यायचा, आणि आई म्हणेल ती पूर्व दिशा. येणार ना?"

"म्म्म!"

"आला गं! लिही, पहिला भक्त."

"म्म्म्म!"

"बघ, कसा गहिवरलाय."

"सासूबाई, मीपण येते."

"तू मोकळी उभी आहेस, तू नीट विचार करून ये."

वस्तरा उचलल्याबरोबर तो उसळला. "हे काय, आई! मला बोलता तरी येत होतं का? जरा हललो असतो तर गळा..."

आणि तिथेच अडला. अर्धी दाढी, अर्धा फेस, तोंड उघडं.

"पण ते डोळे मिटून ऐकायचे गं," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, भक्तीने."

मोठीबाईने कागद पुढे सरकवला. त्याने सही केली. वर फेसाचा गोळा पडला तो बाहीने पुसला.

"आता ऐक," ती म्हणाली. "देवाचं सांगायचं तर काम संपल्यावर, विचारेल त्याला, आणि हात रिकामे ठेवून सांग. त्या सतरा जणांची एकेकाला गाठून माफी माग, दाढी उरकल्यावर. माणूस म्हणून तू गाढव आहेस रे. पण न्हावी म्हणून बापाच्या वरचढ निघालास. सतरा घाबरलेले गळे, आणि एकालाही ओरखडा नाही!"