सरळ कापलेली नदी

गांगुर्ड्यांनी पुस्तक उघडलं नाही. आधी पानांच्या कडेवरून अंगठा फिरवला. कड गुळगुळीत होती, अंगठा कुठेच अडकला नाही. मग त्यांनी पुठ्ठ्यावरची चिठ्ठी पाहिली. 'बालविभाग १४७.' साताला लांब शेपूट. अक्षर त्यांचंच होतं.

"नदीचं हाय काका, बघा ना," रद्दीवाला नवनाथ म्हणाला. "पानापानाला नदी रुंद होत जाती. तुम्ही इतकी वर्षं सांगताय तेच ना हे?"

"तेच आहे," गांगुर्डे म्हणाले आणि दुकानाच्या पायरीवरच बसले. नवनाथला वाटलं, म्हातारा आनंदाने बसला. त्याने समोरच्या टपरीवर दोन चहा सांगितले.

धम्मपाल गांगुर्डे यांनी शहरातल्या एका जुन्या वाचनालयात एकतीस वर्षं बाइंडिंग केलं. फाटकं पुस्तक आलं की कव्हर काढायचं, टाके घालायचे, कटिंग मशीनवर तीन बाजू कापायच्या, पुठ्ठा चढवायचा आणि वर नंबराची चिठ्ठी डकवायची. पुस्तक काटकोनात आलं की त्यांना जेवल्यासारखं बरं वाटायचं. रोज शंभर पुस्तकं हाताळणारा हा माणूस त्यातलं एकही वाचत नव्हता, आणि त्यात त्याला काही वावगंही वाटत नव्हतं.

वार्षिक मोजणीच्या आधी एकदा चाळीस पुस्तकांचा गठ्ठा आला. त्यातल्या एकाचं कव्हर आणि नावाचं पान आधीच गेलेलं होतं. त्याची पानंही एकसारखी नव्हती. पहिलं अरुंद, दुसरं त्याहून बोटभर रुंद, तिसरं आणखी बोटभर, अशी नऊ पानं. छापखान्याने काय वाट लावलीय, असं पुटपुटत गांगुर्ड्यांनी ते पहिल्या पानाच्या मापाने सरळ कापलं. खाली रंगीत पट्ट्या पडल्या. झाडताना सगळ्यात रुंद पट्टीवर तांबड्या शिडाची होडी दिसली होती. ती गोणीत गेली, गोणी रद्दीत गेली.

त्यांची तृप्ती तेव्हा सहा वर्षांची होती. शनिवारी शाळा सुटली की ती वाचनालयात यायची आणि बालविभागात हेच एक पुस्तक घेऊन बसायची. त्या शनिवारी ती नवा पुठ्ठा चढवलेलं पुस्तक घेऊन बाइंडिंगच्या खोलीत आली.

"बाबा, समुद्र कुठं गेला?"

तेव्हा कुठे गांगुर्ड्यांनी पुस्तक उघडून पाहिलं. पानं मुद्दामच तशी होती. झऱ्याची नदी होत होती, नदीचा समुद्र होत होता, आणि प्रत्येक पानाबरोबर कागदही रुंदावत होता. मागच्या पानांच्या कडा पुढून दिसायच्या, म्हणजे झऱ्यापाशी उभं राहूनच लांबचा समुद्र दिसायचा. त्यांनी सगळ्या नदीला झऱ्याच्या मापात आणून ठेवलं होतं. पोर रडली असती तर बरं झालं असतं. तिने पुस्तक मुकाट्याने कपाटात ठेवलं आणि पुन्हा कधी चित्रांच्या पुस्तकाला हात लावला नाही.

तेव्हापासून गांगुर्डे मुलांची चित्रांची पुस्तकं जमवू लागले. शोधायचं होतं एकच, पण त्याचं नावही ठाऊक नव्हतं, म्हणून भेटेल ते उघडून पाहणं आलं. मधोमध भोक असलेलं एक मिळालं, त्यातून प्रत्येक पानावर तोच चंद्र वेगळ्या गावात दिसे. एक घडीचं होतं, ते उलगडलं की खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मुंग्यांची रांग निघे. एक नुसतं काळं, पांढऱ्या दोऱ्याएवढ्या रेघेने काढलेलं. शोधता शोधता माणूस त्यात रमला. उपनगरातल्या दोन खोल्यांत चार कपाटं भरली. "नातवंडं हायस्कुलात गेली, आजोबा अजून पहिलीत," असं त्यांच्या पत्नी लताबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. छंद का लागला हे मात्र गांगुर्ड्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

कुठेतरी या पुस्तकाची धड प्रत असेल, ती एक दिवस तृप्तीच्या हातात ठेवू, एवढीच त्यांची आशा होती. आणि भेटलं ते हे, त्यांनीच कापलेलं. वाचनालयाने जुनी पुस्तकं काढून टाकली, त्यात ते नवनाथकडे आलं होतं. चहा तसाच निवला. गांगुर्ड्यांना स्वतःची लाज वाटली, तीस वर्षांपूर्वी वाटली होती तेवढीच.

घरी येऊन त्यांनी खळ शिजवली, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकला. जाड पांढरा कागद घेऊन पट्ट्या कापल्या, दुसऱ्या पानाला एक बोट, तिसऱ्याला दोन, शेवटच्याला आठ. त्या पानांना जोडल्या आणि चार दिवस वजनाखाली ठेवल्या. चित्र काढणं त्यांना येत नव्हतं. जागा तरी परत करता येत होती.

रविवारी तृप्ती इगतपुरीहून आली. ती तिथे दवाखान्यात नर्स आहे. जेवणं झाली, लताबाई आडव्या झाल्या, आणि गांगुर्ड्यांनी पुस्तक तिच्यासमोर ठेवलं. बोलायचं बरंच ठरवलं होतं, ते काही आठवेना.

"हे मी कापलं होतं," ते म्हणाले.

तृप्तीने पहिलं पान उघडलं. झऱ्याच्या उजवीकडे आठ पांढऱ्या कडा ओळीने उभ्या होत्या.

"मला तेव्हा वाटलं, मी सारखं सारखं हाताळते म्हणून कापलं," ती म्हणाली. "म्हणून परत हात लावला नाही. कळायला लागल्यावर कळलं, चुकून झालं ते. पण विचारलं असतं तर तुम्हाला लागलं असतं, म्हणून गप्प बसले."

तीस वर्षं गांगुर्डे स्वतःला दोष देत होते, आणि त्यातला थोडा त्या एवढ्याशा पोरीने स्वतःकडे ठेवून घेतला होता. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसलेही नाहीत.

तृप्तीने पुस्तक जवळ ओढलं. "इथं घाट होता," ती कोऱ्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाली. "धुणं वाळत घातलेलं. इथं पुलाची दुसरी कमान, तिच्याखाली एक बगळा." गांगुर्ड्यांनी पेन्सिल आणली आणि ती सांगेल तसं त्या त्या जागी बारीक अक्षरात लिहू लागले. घाट. कमान. बगळा. कलिंगडांची वाडी. एका ठिकाणी ती अडली, मग म्हणाली, म्हशी होत्या, तीन.

शेवटचं पान आलं. आठ बोटं पांढरा कागद. गांगुर्डे पेन्सिल धरून थांबले.

तृप्तीने त्यांच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे.

"इथं काही नव्हतं बाबा. नुसतं पाणी होतं. फार काही गेलं नाही."

गांगुर्ड्यांना गोणीत गेलेलं तांबडं शीड आठवत होतं. त्यांनी मान डोलावली आणि पेन्सिल खाली ठेवली. तृप्तीने पुस्तक मिटून त्यांच्या हातात दिलं. सवयीने त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. तो प्रत्येक पानाशी अडकला.