माझ्याकडे असं होत नाही

सातवा खण रिकामा होता. दहा गोळ्यांची पट्टी, वरून बघितली तर कोरी करकरीत – पण तिने सवयीने मागच्या चंदेरी कागदावरून अंगठा फिरवला आणि सातव्या जागी तो किंचित आत गेला... कुणीतरी कागद नखाने अलगद उचलून, गोळी काढून, पुन्हा इतका सपाट बसवला होता की डोळ्यांना काही कळू नये. काउंटरपलीकडचे निवृत्त मास्तर तिच्याकडे न बघता वजनकाट्याकडे बघत होते.

"फोडलीच नाहीये हो. डॉक्टरांनी औषध बदललं, म्हणून परत आणली."

"एक गोळी कमी आहे, सर."

"मग कंपनीचीच चूक असणार," मास्तर म्हणाले आणि पट्टी खिशात टाकून, अपमान झाल्यासारखे निघून गेले.

असेलही कंपनीची चूक. तिला मास्तरांचा राग आला नाही. वीस वर्षं औषधाचं दुकान चालवणाऱ्या बाईला उठसूट रागावून भागत नाही, संशय मात्र घ्यावाच लागतो. चिठ्ठीवर पाचाचे पन्नास कुणी केले, सही डॉक्टरांची की पेशंटच्या मेव्हण्याची, खोकल्याच्या औषधाची तिसरी बाटली एकाच आठवड्यात कशी संपते – हे सगळं ती हसतमुखाने, इकडच्या तिकडच्या गप्पा मारत तपासायची. आणि गेले तीन आठवडे त्याच अंगठ्याने ती मुंगीला चाचपून बघत होती.

मुंगीला तिने कधी पाहिलेलं नव्हतं. बाई की बुवा, तेही ठाऊक नाही. मुंगी म्हणजे पडद्यावरचं एक टोपणनाव, आणि ते टोपणनाव काउंटरच्या कोपऱ्यातल्या तिच्या संगणकात राहायचं. बारा वर्षांपूर्वी स्वतःच्याच गिचमिड अक्षराला कंटाळून तिने एक प्रोग्रॅम लिहिला होता – दुपारच्या रिकाम्या वेळात, शिकत-शिकत, चुकत-चुकत. औषधाच्या पाकिटावर चिकटवायचं लेबल छापणारा : पेशंटचं नाव, औषध, किती वेळा, आणि शेवटच्या ओळीत कसं घ्यायचं. धाकटा भाऊ संगणकाच्याच नोकरीत. तो म्हणाला, ताई, हा सगळ्यांसाठी खुला ठेव, कुणीही वापरेल, कुणीही दुरुस्त करेल. वापरणारे शेकड्यांनी आले – दुकानं, दवाखाने, वृद्धाश्रम. दुरुस्त करायला कुणी फिरकलं नाही. आल्या त्या तक्रारी. बग रिपोर्ट म्हणायचं त्यांना. एकेकाला नंबर, आणि प्रत्येकाने लिहायचं की आपण काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. प्रत्यक्षात लोक लिहायचे, "चालत नाही." काय चालत नाही? प्रिंटर, प्रोग्रॅम, की संसार?

तीनशे चौदा तक्रारी उघड्या होत्या, तेव्हा मुंगी आली. आठ महिन्यांपूर्वी. आली आणि काही न विचारता कामाला लागली – एकच गाऱ्हाणं पाच जणांनी मांडलेलं असेल तर ती पाच एकत्र बांधायची, "चालत नाही"वाल्याला गोडीत विचारून त्याच्या प्रिंटरचं मॉडेल काढून घ्यायची, शिव्या घालणाऱ्यालाही आधी धन्यवाद म्हणायची. आता एकेचाळीस उरल्या होत्या. आनंद व्हायला हवा होता... झालाही होता, पहिले दोन महिने. मग मनात पाल चुकचुकली. हे माणूस चिडत कसं नाही? सुट्टी कशी घेत नाही? फुकट कुणी एवढं राबतं का? – तू राबतेस की बारा वर्षं, असं आतून कुणीतरी म्हणालं, तर तिने त्याला गप्प केलं. माझं वेगळं आहे. माझं आहे ते.

आणि तीन आठवड्यांपूर्वी मुंगीने लिहिलं : नवी आवृत्ती तयार आहे, तुम्हाला वेळ होत नसेल तर बाहेर सोडण्याचा अधिकार मला द्या, मी सोडेन. म्हणजे चावी. ज्याच्याकडे चावी, तो जे सोडेल ते शेकडो दुकानांतल्या संगणकांत आपोआप जाऊन बसतं. कुणी उघडून बघत नाही. त्याच आठवड्यात दोन अनोळखी माणसं उगवली. एक म्हणे, "किती दिवस वाट बघायची?" दुसरा म्हणे, "बाईंनी एकटीने किती ओढायचं? मुंगीला चावी द्या." दोघांची खाती एकाच महिन्यात उघडलेली. तिने भावाला फोन केला, तर तो खूश झाल्यासारखाच बोलला.

"ताई, ही जुनी चाल आहे. आधी वर्ष-दोन वर्षं गोड काम करायचं, मग दोन-तीन खोटी खाती काढून मालकावर दबाव आणायचा, चावी मिळाली की आपलं काहीतरी आत सोडायचं. आठ महिने म्हणजे काहीच नाही."

"पण काम चोख आहे रे तिचं."

"तेच तर सांगतोय."

तेव्हापासून तिने एक वही केली होती. मुंगीच्या प्रत्येक संदेशाची वेळ त्यात उतरवली, तास आखले, रेघा मारल्या. रोज चार ते साडेपाच मुंगी गायब असते, एवढंच हाती लागलं. दीड तास काय करत असेल? झोपत असेल... कुणाला भेटत असेल... वरिष्ठांना अहवाल देत असेल!

दुपारी नवरा डबा घेऊन आला. औषधांच्या खोक्यावर बसून त्याने वही उलटसुलट केली.

"अगं, मदत हवी मदत हवी म्हणून माझं डोकं खाल्लंस. आली तर तिच्यावर पाळत?"

"कोण आहे ते कळायला नको?"

"देऊन टाक की चावी. एकटीने किती ओढायचं तू?"

तिचा घास हातातच राहिला. हे शब्द... पडद्यावरच्या त्या दुसऱ्या अनोळखी माणसाचे हेच शब्द. नवऱ्याला प्रोग्रॅम आवडत नाही, हे काही लपलेलं नव्हतं. रविवारसुद्धा त्या संगणकापुढे जातो, म्हणायचा. त्याने खातं काढलं असेल? याला साधा पासवर्ड लक्षात राहत नाही, हा कुठला खातं काढतोय – पण मग लक्षात राहत नाही हे सोंग असेल तर? तिने त्याच्याकडे बघितलं. तो लोणच्याची फोड शोधत होता. लग्नाला तेवीस वर्षं झालेल्या माणसाच्या बोटांवर आपण टायपिंगच्या खुणा शोधतोय हे तिच्या ध्यानात आलं, तेव्हा तिला हसू आलं आणि लाजही वाटली. पण नजर काही तिथून हलली नाही.

तो गेल्यावर तिने पडदा जागा केला. मुंगीने एक जुनी, बंद केलेली तक्रार पुन्हा उघडली होती.

दोन वर्षांपूर्वीची. एका छोट्या दवाखान्यातल्या नर्सने लिहिलेली : पेशंटचं नाव फार लांब असलं की लेबलाची शेवटची ओळ कधीकधी छापलीच जात नाही. तक्रारीखाली उत्तर, तिचं स्वतःचंच : "माझ्याकडे असं होत नाही. बंद करत आहे." या कामात या वाक्याला फार मान. ते लिहिण्याआधी आपल्या यंत्रावर तेच सगळं स्वतः करून बघायचं असतं. करून बघितलंय म्हणूनच लोक त्या वाक्यापुढे मान तुकवतात आणि गप्प बसतात. आणि त्याखाली आज मुंगी : "मी करून पाहिलं. होतं. नावात एकतीसहून जास्त अक्षरं असली की होतं. नव्या आवृत्तीत दुरुस्ती घातली आहे."

खोड काढतेय माझी. आठ महिने खोदत बसली ती यासाठी! जुनी मढी उकरायची, सगळ्यांसमोर मांडायची, म्हणजे लोकच म्हणतील, बाईंकडून चावी काढून घ्या... मी पाहिलं होतं करून. पाहिलं होतं ना? मी न बघता ते वाक्य लिहीत नाही. बारा वर्षांत कधी – आणि शिवाय वेळ बघा कशी साधली, घाई व्हावी म्हणून अशीच एखादी भयंकर गोष्ट पुढे करायची असते, भाऊ म्हणतो ते हेच.

एक बाई डोळ्यांचे थेंब घेऊन गेली. एक म्हातारा नुसताच वजन करून गेला.

मग तिने एक खोटं नाव टाइप केलं, लांबलचक, पस्तीस अक्षरांचं, आणि छापलं. लेबल बाहेर आलं. नाव, औषध, दिवसातून दोनदा. त्याखाली काहीच नाही. "अर्धी गोळी, जेवणानंतर" असं तिने स्वतः टाकलं होतं. पुन्हा छापलं. पुन्हा तेच.

तिने नर्सची तक्रार पहिल्यापासून वाचायला घेतली. ती लांब होती, पडद्याखाली गेलेली. खाली सरकवल्यावर शेवटी चार ओळी निघाल्या. "काल आमच्या एका आजींना दोन दिवस अर्धीऐवजी पूर्ण गोळी गेल्याचं लक्षात आलं. चक्कर येऊन पडल्या. आता बऱ्या आहेत. कृपया बघा." या ओळी ती आज प्रथमच वाचत होती. नर्सने नंतर काही लिहिलं नव्हतं. सांगणारीला आपण सांगितलं होतं की असं होत नाही, आणि त्या बिचारीने ते मानलं होतं.

आणि तीन आठवडे ही दुरुस्ती तयार होती. ती वहीत रेघा मारत बसली होती.

दुरुस्ती अकरा ओळींची होती. तिने ती पाच वेळा वाचली – संशय काही सुटला नव्हता, एकेक ओळ ती अंगठा फिरवावा तशी वाचत होती – पण ओळी सरळ होत्या. मुंगीचं बाकीचं काम बाजूला ठेवून तेवढ्याच अकरा ओळी तिने घेतल्या, लेबल छापून बघितलं, शेवटची ओळ आली, आणि पाच वाजता स्वतःच्या हाताने आवृत्ती सोडली. सोबतच्या टिपणात कुणी कळवलं, कुणी शोधलं ते लिहायची रीत. मुंगीने आपल्यापुरतं टिपण आधीच करून ठेवलं होतं : "ही त्रुटी दोन वर्षांपूर्वी कळवली गेली होती, नजरचुकीने मागे राहिली." कुणाच्या नजरेची चूक, ते लिहिलेलं नव्हतं. तिने तिथे आपलं नाव घातलं.

साडेपाचला मुंगी परत आली. "सोडलीत, फार बरं वाटलं. चावीची घाई नाही. एक विचारू का – नर्सची तक्रार बंद झाली त्या दिवशी आणखीही तक्रारी बंद झाल्या होत्या. मी बघू का त्या करून?"

म्हणजे तिला माहीत आहे. केव्हापासून? आणि माहीत असून टिपणात नाव लिहिलं नाही, ते दयेने, की हातचं राखून? नाही घाई म्हणणारा माणूसच... तिने विचार अर्धवट सोडला. उत्तर लिहायला सुरुवात केली, "गरज नाही, मी" – आणि पुसलं.

त्या दिवसाची यादी तिने स्वतः उघडली. आई इस्पितळात होती तेव्हा. बाहेरच्या बाकावर बसून, भावाच्या लॅपटॉपवर, काहीतरी संपवायचं होतं तिला, काहीही. डॉक्टर बाहेर येईपर्यंत हातात घेतलेलं काहीतरी पुरं झालेलं हवं होतं. चाळीस तक्रारी. माझ्याकडे असं होत नाही, बंद करत आहे. माझ्याकडे असं होत नाही, बंद करत आहे. पावणेपाच वाजता. चार वाजून शेहेचाळीस. सत्तेचाळीस. त्या बाकावर प्रिंटर नव्हता. लेबलाचा कागदसुद्धा नव्हता.

वाक्य सगळीकडे तेच, शांत, नम्र, एकाही अक्षराला चीर नाही. ती ते एखाद्या परक्या माणसाने लिहिल्यासारखं वाचत खाली-खाली गेली. चाळिसाव्यापाशी थांबली तेव्हा मुंगी कोण, हा प्रश्न तिला सुचतच नव्हता. ही बाई कोण – आणि हिच्या हातात बारा वर्षं चावी कुणी राहू दिली?