बाबांचे शर्ट

प्रत्येक घरात एक कपाट असं असतं, की ते उघडताना एक हात आधीच पुढे धरावा लागतो. नाहीतर आतलं सगळं अंगावर कोसळतं. या घरात ते कपाट बाबांचं होतं.

बाबा म्हणजे या घरच्या सुनेचे सासरे. नोकरीत असताना ते दुकानादुकानांतले वजनकाटे तपासत. काटा खरा की खोटा हे ठरवणारा माणूस स्वतः चुरगळलेला दिसू नये, असं त्यांचं मत. त्यामुळे शर्ट नेहमी पूर्ण बाह्यांचे, कडक इस्त्रीचे आणि एकाच शिंप्याने शिवलेले. खिसा दुहेरी कापडाचा, कारण त्यात पितळी वजनं ठेवायची सवय. निवृत्त झाल्यावरही कोपऱ्यावर वर्तमानपत्र आणायला जाताना ते असे तयार होऊन जात, की वाटेतला एखादा दुकानदार अजूनही सावरून बसे.

मग एका सकाळी दाढी करता करता त्यांच्या हातातून ब्रश गळून पडला. दवाखान्यातून ते घरी आले तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय नुसते सोबत आले होते, कामाचे राहिले नव्हते. जीभही जड झाली होती. बाहेरच्या खोलीत खिडकीशी पलंग लागला आणि घर त्या पलंगाभोवती नव्याने मांडलं गेलं.

सून कष्टाळू होती. कोंड्याचा मांडा करणारी, टाकाऊतून टिकाऊ काढणारी. शिलाई मशीन तिच्या हाताखाली असं चालायचं, की शेजारणी तिला सुईताईच म्हणत. बाबांच्या आजारपणात या हाताने घर सावरलं. जुन्या चादरींचे, मागून बंद बांधायचे झगे तिने शिवले. बाबांना फार न हलवता कपडे बदलता यायचे. व्यायामासाठी मनगटाला बांधायला वाळूच्या पिशव्या शिवल्या. कूस वळवताना ओढायला जाड दुपदरी चादर शिवली. हे सगळं विकत आणायचं म्हटलं असतं तर घराची कंबर मोडली असती.

पण औषधं, लंगोट, मलमं, पट्ट्या ठेवायच्या कुठे?

"बाबांचं कपाट रिकामं कर की," नवरा चहा पिता पिता म्हणाला. "एवढे शर्ट नुसते लटकलेत. आता ते कुठे जाणार आहेत?"

हे बोलणं बाहेरच्या खोलीत झालं. पलंग हाताच्या अंतरावर होता. पलंगाकडे दोघांपैकी कुणीही पाहिलं नाही.

पहिला शर्ट तसा टाकायच्याच लायकीचा होता. कॉलर विरलेली, कफ फाटलेले. पण शर्टाचं कापड सगळीकडे सारखं झिजत नाही, हे तिला माहीत होतं. मान घासते तिथे, कोपर टेकतं तिथे ते आधी जातं. पाठ मात्र वर्षानुवर्षं नव्यासारखी राहते. त्या पाठीतून उशीचा सुरेख अभ्रा निघाला. पुढची बटणपट्टी तशीच ठेवली, म्हणजे अभ्र्याला वेगळी चेन नको. येणारा जाणारा तो अभ्रा उलटसुलट करून बघायचा. "कमाल आहे बाई तुझी," पलीकडच्या काकू म्हणाल्या, "आमच्याकडे असता तर पोछा झाला असता त्याचा."

कौतुक ही चटक आहे. विरलेल्या शर्टानंतर बऱ्या शर्टांची पाळी आली, मग चांगल्यांची. बारीक चौकडीच्या शर्टांतून खिडकीचा अर्धा पडदा झाला. पांढऱ्या शर्टांतून टेबलाचं आच्छादन. दुहेरी कापडाचा एक खिसा तर तिने अलगद उसवून पलंगाच्या कठड्याला शिवला, बाबांचा चष्मा ठेवायला. निळ्या रेघांच्या शर्टाची भक्कम पिशवी झाली. ती तिने व्यायामाच्या बाईंना दिली.

या बाई एक दिवसाआड येत. वयाने सुनेहूनही लहान, बोलायला कडक. बाबा त्यांना फौजदार म्हणत. "फौजदार आले," असं जड जिभेने म्हणून ते डाव्या हाताने उजवा हात उचलून सलामीला कपाळापर्यंत न्यायचे. सुरुवातीला हा खेळ दर खेपेला चाले. उजवी बोटं थोडी मिटायलाही लागली होती. बाई म्हणत, "आता वेग धरायचा. हे पहिले महिने गेले की मेंदू आळशी होतो."

एकदा दुपारी बाबा बराच वेळ खुर्चीवरच्या उशीकडे बघत होते.

"हा... राखाडी?" त्यांनी विचारलं.

"हो ना बाबा!" सुनेला ओळखल्याचा आनंदच झाला. "तुमचा राखाडी. बटणं पण तीच ठेवलीत. छान झालाय की नाही?"

"छान," बाबा म्हणाले, आणि भिंतीकडे वळायचा प्रयत्न केला. एकट्याने वळता येईना, तेव्हा डोळे मिटून घेतले.

त्यानंतर सलाम बंद झाला. बोटं मिटायची थांबली. वाळूची पिशवी बांधली की हात तिच्यासकट पलंगावर पडून राही. जेवण अर्धं परत जाऊ लागलं. सुनेने कारण शोधायला काही बाकी ठेवलं नाही. औषध बदललं म्हणून असेल, झोप लागत नाही म्हणून असेल, नवऱ्याच्या मते वयच झालं म्हणून. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. मेंदूत नवीन काही घडलेलं नव्हतं. कारण शोधताना माणूस सगळीकडे बघतो, फक्त स्वतःच्या हातातल्या कात्रीकडे तेवढं बघत नाही.

घरावर मरगळ आली. सून पलंगाजवळ जाताना आधी दारात थांबायची, मोठा श्वास घ्यायची, मग आत शिरायची. आपण एका न उजाडणाऱ्या घरात राहतोय, असं तिला वाटू लागलं.

अशात एक दिवस व्यायामाच्या बाई ठरवूनच आल्या. "आज चाकांची खुर्ची काढा. आज आपण खाली जायचं. झाडाखाली बाक आहे, तुमच्या वयाची मंडळी बसलेली असतात. काय बाबा, दाखवायचं ना त्यांना तुम्ही अजून आहात म्हणून?"

बाबांनी खिडकीच्या पडद्याकडे नजर वळवली.

"ताई, यांचा एखादा शर्ट काढा. हा झगा मागून उघडा आहे, असं नेता येणार नाही."

सून कपाटाशी गेली. कपाट आता झकास लागलेलं होतं. उघडताना अंगावर काहीही पडलं नाही. औषधांचे डबे, लंगोटांचे गठ्ठे, खालच्या कप्प्यात कापडाच्या चिंध्या आणि बरणीत सुटी बटणं. शर्ट एकही नव्हता. मग नवऱ्याचा शर्ट घेऊन आली. "हा घालते. जरा मोठा होईल, पण..."

"त्यांचा स्वतःचा नाही?"

"नाही. म्हणजे होते. आता..."

बोलले ते बाबा. शब्द जोडायला त्यांना वेळ लागत होता, पण त्या दिवशी एकही शब्द गिळला गेला नाही.

"एक तिथं बसलाय," त्यांनी डाव्या हाताने खुर्चीवरची उशी दाखवली. "एक खिडकीत लटकलाय. एक... फौजदार, तुमच्या खांद्याला. मी या घरात सगळीकडे वाटून झालोय, बाई. आता आणखी कुठं नेता?"

बाईंनी खांद्यावरच्या पिशवीकडे पाहिलं. त्यांनी ती हळूच काढली आणि कुठे ठेवावी ते न कळून हातातच धरून ठेवली.

मग त्या सुनेला घेऊन स्वयंपाकघरात आल्या.

"सगळे?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही माझ्याकडे असं बघू नका," सुनेचा बांध फुटला. "मी काय चैन केली? चांगलं कापड कुजू द्यायचं होतं? त्यांचं सगळं मी करते. कूस मी वळवते, पुसते मी, भरवते मी. घर जागच्या जागी राहिलंय ते या मशीनवर. कुणी एक दिवस येऊन बघावं मग बोलावं!"

"खरंय. तुमच्याएवढं करणारी घरं मी फार बघितली नाहीत."

"मग माझं चुकलं कुठे?"

बाईंनी हातातली पिशवी ओट्यावर ठेवली. मग म्हणाल्या, "मी दर खेपेला त्यांना सांगते, बोटं चालवा. बोटं कशासाठी चालवायची? मेंदू नुसत्या हुकमावर शिकत नाही, ताई, त्याला कारण लागतं. सगळ्यात चांगला व्यायाम म्हणजे स्वतःच्या शर्टाचं बटण स्वतः लावणं. आणि या घरात बटणं आहेत ती उशीला. पडल्या पडल्या ते रोज बघत होते, आज आपली पाठ गेली, आज बाही गेली. ज्याचं सामान आवरलं जातंय तो माणूस परतीची तयारी कशाला करेल?"

सून ओट्याला टेकली.

"पण त्यांनी एकदा म्हणायचं तरी."

"तुम्ही विचारलंत?" आणि लगेच त्यांचाच आवाज खाली आला. "मीही कुठं विचारलं? इतके दिवस त्यांचा शर्ट खांद्याला अडकवून मी त्यांनाच हिंमत द्यायला येत होते. पिशवी छान आहे, एवढंच मी म्हणाले. काटकसर वस्तूंची असते, ताई. आपण माणसाचीच काटकसर केली."

त्या दिवशी खुर्ची खाली गेलीच नाही.

बाई गेल्यावर सुनेने राखाडी अभ्रा काढला आणि उसवायला घेतला. टाके निघाले, सुईची छिद्रं निघाली नाहीत. पाठ मिळाली, खांदे कधीच कापून गेले होते, बाह्या पायपुसण्यात होत्या. पडद्यातून, आच्छादनातून तिने तुकडे जमवून जमिनीवर माणसाच्या आकारात मांडून पाहिले. कितीही फिरवले तरी मध्ये मोकळी फरशी दिसत राही. कापड कात्रीखाली गेलं की ते मागे येत नाही, ही शिवणकामातली पहिली गोष्ट तिने किती मुलींना शिकवली होती! ती त्या तुकड्यांमध्ये बसून राहिली. नवरा कामावरून आला, त्याने फरशीकडे पाहिलं.

"मीच म्हणालो होतो," तो म्हणाला. "कुठे जाणार आहेत म्हणून."

"मोठ्याने म्हणाला होतास," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने नवं कापड आणलं, कोरं, फिकट हिरवं. टेप घेऊन ती पलंगाशी गेली. या खोलीतल्या खिडकीचं, टेबलाचं, गादीचं माप तिला तोंडपाठ होतं. बाबांचं नव्हतं.

"कशाचं माप?" बाबांनी विचारलं.

"तुमचं. शर्ट शिवते."

"पडलेल्या माणसाचं माप," ते म्हणाले, "एकदाच घेतात."

सुनेचे हात थांबले. माफी मागावी तर शब्द थिटे पडत होते.

"मग बसा, बाबा," ती म्हणाली. "मला बसलेल्या माणसाचं हवंय."

त्यांना बसवायला ती पुढे झाली, तर त्यांनी डाव्या हाताने तिला दूर ठेवलं. कठडा धरला. एकदा घसरले, पुन्हा धरला. ती बघत राहिली. मदत न करणं हे तिने आजवर केलेल्या कुठल्याही कामापेक्षा कठीण होतं. ते बसले तेव्हा घामाने निथळत होते. उजवा खांदा खाली उतरला होता, म्हणून दोन खांद्यांची दोन वेगळी मापं घ्यावी लागली. ती एका खांद्यावर टेप धरून रडत होती, आणि ते समोरच्या उघड्या, बिनपडद्याच्या खिडकीतून बाहेर बघत होते.

गोष्ट इथे गोड करता आली असती. तसं झालं नाही. शर्ट झाला, काजं मोठी ठेवली, बटणं मोठी लावली. पण जे महिने कामाचे होते ते पडदे आणि अभ्रे बघण्यात गेले होते. उजवा हात तिथेच थांबला. डॉक्टरांनी यापुढे फार आशा धरू नका असं सांगितलं, आणि या वेळी ते बाबांकडे बघून सांगितलं, कारण सुनेने त्यांना तसं बजावलं होतं. बाबा आता डाव्या हाताने एखाददुसरं बटण लावतात. काही दिवशी लावत नाहीत. काही दिवशी खाली बाकापर्यंत जातात, काही दिवशी नाही म्हणतात. नाही म्हटलं की कुणी नेत नाही. ते विचारायचं असतं, हे त्या घराला फार उशिरा कळलं.

सून अजूनही जुन्याचं नवं करते, आणि ते करायलाच हवं; चांगलं कापड फेकणं हाही गुन्हाच आहे. फक्त कात्री लावण्याआधी ती आता कपडा घेऊन ज्याचा त्याच्याकडे जाते.

आपल्यापैकी अनेकांच्या घरात असा एक पलंग आहे, किंवा उद्या असणार आहे. त्यावरच्या माणसाचं कपाट, त्याची खुर्ची, त्याची चप्पल, त्याचा चष्मा आपण फार लवकर आवरायला घेतो. वाईट मनाने नाही. जागा हवी असते, सोय हवी असते. पण ज्याला आपण उरलेला समजतो, त्याचं जगणं अजून चालू असतं. त्याच्या वस्तूला हात लावण्याआधी त्याला विचारा. आणि "आता ते कुठे जाणार आहेत" असं म्हणायची वेळ आलीच, तर पलंगाकडे एकदा बघा. ते ऐकत असतात.